छोट्या बेटावर मानसिक आरोग्याचं काम करायचंय? आधी बोटीचं टाइमटेबल बघा

सायकियाट्रिस्ट बेटावर कायमचा राहायला येणार नाही, हे आधीच धरून चाला. तो कधीमधी बोटीनं येणार, एरवी फोन नाहीतर व्हिडिओ कॉल, आणि रोजचं काम तिथल्या नर्सनंच बघायचं. स्पेशालिस्ट नसलेल्यांनी डिप्रेशन, सायकोसिस (नसलेले आवाज ऐकू येणं, भलतेच संशय, वास्तवाचं भान सुटणं) वगैरे कसं ओळखायचं, काय करायचं याची डब्ल्यूएचओची एमएचगॅप गाइड २०१० पासून आहे, ट्रेनिंग त्यावरच घ्या.

खरी डोकेदुखी म्हणजे गुप्तता. सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे मानसिक आजारांसाठी वेगळा वार, वेगळी खोली असलं काही ठेवूच नका, बीपी-शुगरच्या रांगेतच हे पेशंटही बघायचे. नर्स कधीकधी पेशंटची सख्खी मावशी निघते (निघतेच!), म्हणून आधी विचारायचं, माझ्याशी बोलायला चालेल का बाहेरच्या डॉक्टरांशी फोनवर बोलता?

औषधं बोटीच्या हिशोबानं. बोट चुकली म्हणून गोळ्या अचानक बंद पडल्या तर त्रास होतो, त्यामुळे एका फेरीपुरता स्टॉक जास्तीचा हवाच. फ्लुऑक्सेटिन हे डिप्रेशनचं औषध शरीरात बरेच दिवस टिकतं, एखादा डोस हुकला तरी फार बिघडत नाही, तिथं ते सोयीचं. लिथियमला (मूड टोकाचा वर-खाली होण्याच्या आजाराचं औषध) मात्र रक्तातली लेव्हल तपासावी लागते, जुलाब-उलट्या झाल्या की ती धोक्याची चढू शकते, लॅबची सोय नसेल तर माझ्या मते त्या वाटेला जाऊच नये. सायकोसिसच्या ज्या पेशंटच्या गोळ्या राहून जातात त्याला दोन ते चार आठवड्यांनी द्यायची इंजेक्शनं आहेत, डॉक्टरांना विचारा.

आणि एक गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. वादळात बोटी बंद, दुकानातली दारू संपली, की रोज भरपूर पिणाऱ्याला ६ ते २४ तासांत थरथर, घाम सुरू होतो, पुढं फिट्स येऊ शकतात, दोन-तीन दिवसांत भ्रम होतो आणि यात माणूस जाऊही शकतो. डायझेपाम (थरथर, फिट्स आवरणारं औषध) आणि थायमिन (व्हिटॅमिन बी१) पावसाळी हवा सुरू व्हायच्या आधीच आणून ठेवा, डोस फोनवर डॉक्टरांना विचारून.

आत्महत्येचे विचार येतात का हे सरळ विचारा, विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाहीत. येत असतील तर घरातलं कीटकनाशक, जास्तीच्या गोळ्या उचलायच्या, एकटं सोडायचं नाही. पेशंटला बेटाबाहेर हॉस्पिटलात न्यावं लागलं तर कुठली बोट, सोबत कोण, रात्री बोट नसेल तर कुठं ठेवायचं (लॉकअपमध्ये नाही!) हे आधीच कागदावर लिहून ठेवा. परत येताना धक्क्यावर सगळं गाव बघत असतं, तेव्हा कुठल्या फेरीनं यायचं आणि घ्यायला कोण हवं हे त्याचं त्यालाच ठरवू द्या.