अभिप्रायाच्या रकान्यात काय लिहायचं: बाँडवर रुजू होणाऱ्या डॉक्टरांसाठी

लैंगिक अत्याचाराच्या एका केसमध्ये माझी चूक झाली, पण ती तपासणीत नाही. तपासणी मी नीट केली होती. चूक झाली कागदाच्या शेवटच्या रकान्यात, अभिप्राय लिहिताना, आणि ती मला कळली तीन वर्षांनी, सत्र न्यायालयात साक्ष देताना. बाँडवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेसाठी, ग्रामीण रुग्णालयात रुजू होणाऱ्यांसाठी हे लिहितेय. एमएलसी (पोलिसांशी संबंध येणारी केस) कशी नोंदवायची, पोलिसांची यादी, म्हणजे तपासणी मागणारं पत्र, आली की काय करायचं, मुद्देमाल सील कसा करायचा हे इंटर्नशिपमध्ये तुमच्या हातून झालेलं असतं, त्यात वेळ घालवत नाही.

विदर्भातलं तीस खाटांचं रुग्णालय. रुजू होऊन मला दीड महिना झाला होता. त्या रात्री आधी धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणातले दोघं आले. एकाचं डोकं फुटलं होतं, दुसऱ्याच्या अंगावर काहीच दिसत नव्हतं, पण पाठीत काठी बसली म्हणत होता. मी पाठ दाबून पाहिली, तो कळवळला. ‘दाबल्यावर दुखते’ असं लिहून त्याला रात्रभर ठेवून घेतलं. त्यानंतर तासाभराने महिला शिपायासोबत एक बाई आल्या. वय तिशीच्या आसपास, घटनेचा तिसरा दिवस. अंघोळ झालेली, साडी धुतलेली. सिस्टरने पडदा ओढला, मी संमती घेतली, डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. कुठेही ओरखडा नव्हता. मी विचारलं, "ताई, नेमकं काय झालं?" त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मी हालली नाही, बाई. लेकरू बाजूले झोपलं होतं. त्याच्या हातात इळा होता. हालली असती तं लेकरू उठलं असतं."

इळा म्हणजे विळा, आणि तो अत्याचार करणाऱ्याच्या हातात. हे मी ऐकलं, सिस्टरनेही ऐकलं. कागदावर मात्र हकिकतीच्या जागी मी एवढंच लिहिलं: ‘लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगते.’ स्वॅब घेतले, गोळ्या दिल्या. मग अभिप्राय. पेन हातात धरून बसले आणि मागच्या डॉक्टरांनी काय लिहिलंय ते पाहायला फाइल उलटली. त्यांचं इंग्रजी वाक्य तसंच उतरवून काढलं: ‘नो मार्क्स ऑफ इंज्युरी. नो एव्हिडन्स सजेस्टिव्ह ऑफ फोर्सिबल इंटरकोर्स.’ जखमेची खूण नाही, जबरदस्तीचा पुरावा नाही. सही, शिक्का, वेळ.

तीन वर्षांनी समन्स आलं तेव्हा मी दुसऱ्या जिल्ह्यात होते. आरोपीच्या वकिलांनी मला फार त्रास दिला नाही. त्यांना त्याची गरजच नव्हती. "डॉक्टर, अंगावर एकही जखम नव्हती, बरोबर?" बरोबर. "जबरदस्तीचा पुरावा नाही, हे तुमचंच अक्षर?" हो. "फिर्यादी आज कोर्टात इळ्याबद्दल सांगतात. तुमच्या कागदावर इळ्याचा उल्लेख आहे का?" नाही. पाच मिनिटांत मी मोकळी झाले. आरोपी सुटला. निकालपत्रात इतरही कारणं होती, पण माझं वाक्यही होतं.

आता तो सापळा नीट समजून घ्या, कारण तुम्हीही त्यात पाय टाकणार आहात. ‘जखम नाही’ हे निरीक्षण आहे. ते तुमच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, ते लिहायलाच हवं. ‘जबरदस्तीचा पुरावा नाही’ हा निष्कर्ष आहे, आणि तो काढायला तुमच्याकडे काहीही आधार नाही. दोन वाक्यं शेजारी बसली की वाचणाऱ्याला दुसरं पहिल्यातून आपोआप निघाल्यासारखं वाटतं. तसं ते निघत नाही. भीतीने माणूस गोठतो. हातात हत्यार असतं. बेशुद्ध केलेलं असतं. दोघातिघांनी धरलेलं असतं. तीन दिवस गेलेले असतात, ओरखडे बुजलेले असतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत जागतिक आरोग्य संघटनेचा हवाला देऊन म्हटलंय की, दिसणारी जखम साधारण एक तृतीयांश प्रकरणांतच मिळते. म्हणजे जखम नसणं हेच नेहमीचं आहे. कायद्याच्या व्याख्येतही २०१३ पासून स्पष्ट लिहिलेलं आहे की, शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरायचं नाही. कायद्याने सोडून दिलेली गोष्ट मी, एक सरकारी डॉक्टर, माझ्या शिक्क्यासह परत आत आणून ठेवली.

आणि दुसरा भाग, जो मला अजून जास्त बोचतो. ती जखम का नाही, याचं उत्तर त्या ताईंनी मला न विचारता दिलं होतं. चार छोट्या वाक्यांत. लेकरू, इळा, हालले नाही. ती वाक्यं हकिकतीच्या रकान्यात त्यांच्याच शब्दांत असती तर जखम नसणं त्यांच्याविरुद्ध गेलं नसतं. ते त्यांच्या सांगण्याशी जुळलं असतं. म्हणून पेशंटचे शब्द अवतरणचिन्हांत लिहा. बोलीत असतील तर बोलीत लिहा. ‘सांगते’, ‘आरोप करते’ असा सारांश तुमच्या मनाने करू नका.

साक्षीनंतर मी जुन्या रुग्णालयात जाऊन ते रजिस्टर पुन्हा काढून बघितलं. एकाच पानावर दोन नोंदी होत्या. धुऱ्याच्या भांडणातल्या माणसाच्या अंगावर काहीच दिसत नव्हतं, तरी त्याचं दुखणं मी खरं धरलं होतं. त्याच्या कपाळावर जुना व्रण होता, तो मी ओळखीची खूण म्हणून लिहिला. हा माणूस भांडखोर आहे, याला मार खायची सवय आहे, असं मला सुचलंही नाही. सुचायला नकोच. पण खालच्या नोंदीत, त्याच रात्री, त्याच पेनाने, मी एका बाईच्या शरीराकडून पुरावा मागितला आणि तो मिळाला नाही म्हणून तिच्या सांगण्यावर काट मारली. मी स्वतः बाई आहे, ‘लेडी डॉक्टर बोलवा’ म्हणून मलाच उठवलं होतं. त्याने काडीचा फरक पडला नाही. दुहेरी माप आपल्या मनात असतं हे मी कॉलेजात निबंधात लिहिलं होतं. ते छापील फॉर्मच्या रकान्यात कसं शिरतं हे तिथे कळलं.

हे जुनं आहे. वडसा-देसाईगंज माहीत असेल, गोंदिया-चंद्रपूर लाइनवरचं. तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. मार्च १९७२ मध्ये तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराचा खटला मथुरा प्रकरण म्हणून देशभर गाजला. तिच्याही वैद्यकीय कागदावर होतं: अंगावर जखम नाही. आणि पुढे दोन बोटांच्या तपासणीची, म्हणजे योनीत बोटं घालून ‘सवय’ आहे का ते ठरवण्याची, ओळ. सत्र न्यायालयाने तिला लैंगिक संबंधांची सवय असल्याचं म्हटलं. उच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये, अंगावर खुणा नाहीत हे एक कारण धरून, त्यांना सोडलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदा-प्राध्यापकांनी १९७९ मध्ये त्यावर सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले, १९८३ मध्ये कायदा बदलला. कायदा बदलला, पण आमच्या रजिस्टरमधलं वाक्य बदललं नाही. माझ्या आधीच्या डॉक्टरांनी ते त्यांच्या आधीच्यांकडून घेतलं असणार.

दोन बोटांच्या तपासणीबद्दल एकच सांगते: करायची नाही. कुणीही सांगितलं, यादीत तसा प्रश्न छापलेला असला, तरी नाही. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही तपासणी करणाऱ्याचं वर्तन गैरवर्तन धरलं जाईल असं म्हटलं आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले डॉ. इंद्रजित खांडेकर यांच्यासारखी माणसं कितीतरी वर्षं या मागणीचा पाठपुरावा करत होती. योनीपटलाच्या जुन्या फाटण्याबद्दल, ‘सवयीची’ वगैरे शब्द, शरीराची ठेवण धडधाकट म्हणजे प्रतिकार करू शकली असती असा सूर, यातलं काहीही कागदावर येता कामा नये. ताजी इजा असेल, रक्तस्राव, सूज असेल तर ते लिहा. यादीत ‘पीडिता संभोगास सरावलेली आहे काय’ असा प्रश्न असेल तर त्यापुढे ‘या प्रश्नाचे उत्तर देणे अनुज्ञेय नाही’ असं लिहून सही करा. मी असं दोनदा केलं. एकदा तपासी अंमलदार चिडले, पण पुढे काही झालं नाही.

मग अभिप्राय कसा लिहायचा? मी आता असा लिहिते: ‘तपासणीत जखमा आढळल्या नाहीत. घटना व तपासणी यांत अमुक तासांचे अंतर आहे, दरम्यान स्नान केले आहे, हत्याराचा धाक दाखवल्याचे सांगितले आहे. जखमा नाहीत एवढ्यावरून लैंगिक अत्याचाराची शक्यता नाकारता येत नाही. रासायनिक विश्लेषण अहवालानंतर अंतिम अभिप्राय.’ हे पाठ करू नका. पाठ केलंत की तुमचीही माझ्यासारखीच गत होईल, कारण पुढच्या केसमध्ये हत्यार नसेल, दारू पाजलेली असेल. समोरच्या माणसाने काय सांगितलं ते घ्या आणि वाक्य बांधा. व्हॉट्सअपवर फिरणारे भरलेले नमुने मोबाइलमधून काढून टाका. ‘मागचं बघून लिही’ हा सल्ला देणारे सीनियर प्रेमाने देतात हे खरं, पण तो सल्ला वाईट आहे. त्याहून वाईट म्हणजे ‘कमी लिही, कोर्टात कमी विचारतील.’ कमी लिहिलं की जास्तच विचारतात, फक्त तुमच्याकडे सांगायला काही उरत नाही. माझं स्पष्ट मत आहे की या विषयात विभागप्रमुखांपेक्षा वीस वर्षं लेबर रूममध्ये काढलेल्या सिस्टरकडून जास्त शिकता येतं. त्या पेशंटशी कसं बोलतात ते बघा. आणि सुट्टीच्या एका दिवशी सत्र न्यायालयात मागच्या बाकावर बसून एखाद्या डॉक्टरची उलटतपासणी ऐका. कुठल्याही सेमिनारपेक्षा ते कामाला येईल.

घाबरू मात्र नका. बलात्कार झाला की नाही हे तुम्हाला ठरवायचंच नाही, ते न्यायालयाचं काम. तुमचं काम उपचार आणि प्रामाणिक नोंद. उपचार आधी. पेशंट पोलिसांशिवाय थेट आली तरी परत पाठवायचं नाही, कायद्याने मोफत उपचार द्यावेच लागतात आणि नाकारले तर तो गुन्हा आहे. पोलिसांना कळवायचं असतं, ते तिला समजावून सांगून. स्वॅब ९६ तासांपर्यंत घेता येतात, एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस द्यायच्या. बारा वर्षांवरच्या व्यक्तीची स्वतःची संमती घ्या, नकार दिला तर तोही नोंदवा, नकारामुळे उपचार थांबवू नका. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालेल्या ‘दिलासा’ या हिंसापीडित बायकांच्या समुपदेशन केंद्रासारखी सोय तुमच्या तालुक्यात नसेल. पण दार बंद करून पंधरा मिनिटं शांत बसायला केंद्र लागत नाही.

आता ज्याबद्दल मला कुणीच सांगितलं नव्हतं ते. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा आला, बावीसेक वर्षांचा, ढाब्यावर कामाला. यादीत लिहिलं होतं ‘मारहाण’. पाठीवर वळ होते, पण तो खुर्चीवर बसत नव्हता. मी वॉर्डबॉयला बाहेर जायला सांगितलं तेव्हा तो हसत म्हणाला, "मॅडम, पोरगाच तर आहे." तो मुलगा तेवढ्यात शर्टाची बटणं लावून निघाला होता. त्याला थांबवायला मला बराच वेळ बोलावं लागलं.

बाईच्या शरीराकडून आपण पुरावे मागतो, आणि पुरुषाच्या शरीराला असं काही होऊ शकतं हेच मानत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला पॉक्सो, म्हणजे बाल लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, आहे, तो मुलगा-मुलगी भेद करत नाही. पण १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा जुन्या दंड संहितेतल्या कलम ३७७ सारखं, पुरुषावरच्या अत्याचारालाही लागू होणारं कलम तिच्यात ठेवलेलं नाही, आणि बलात्काराच्या व्याख्येत पीडित म्हणून फक्त स्त्री आहे. प्रौढ पुरुषासाठी दुखापत, डांबून ठेवणं अशी इतर कलमं शोधावी लागतात. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ चा कायदा आहे, त्यात लैंगिक अत्याचाराला सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा. स्त्रीवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं. इजा तीच, पण शरीर कुणाचं यावर तिची किंमत ठरते. हे आपल्या हातात नाही. आपल्या हातातला कागद मात्र आहे: २०१४ च्या केंद्राच्या सूचना पुरुष आणि तृतीयपंथीयांनाही लागू आहेत. तपासणी तीच, संमती तीच, गोळ्याही त्याच.

मी त्याची हकिकत त्याच्याच शब्दांत लिहायला लागले तेव्हा तो वाकून कागदाकडे बघत राहिला. "असं माणसाचं पण लिहितात?" त्याने विचारलं. लिहितात म्हटलं. फॉर्मवर सगळीकडे ‘पीडिता’ छापलेलं होतं. मी प्रत्येक ठिकाणी ते खोडून ‘रुग्ण’ केलं आणि शेजारी आद्याक्षरं घातली. सहा ठिकाणी.

सहा आठवड्यांनी तो रक्त तपासायला परत आला. केसपेपर मालकाला दाखवावा लागतो, म्हणून कारण काय लिहिणार ते त्याने आधीच विचारलं. मी ‘फेरतपासणी’ एवढंच लिहिलं. त्याने ते दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि विचारलं, पुढची तारीख कोणती.