लग्नाच्या जुन्या कॅसेटमधले ‘फणीचे दात’ कसे काढावेत

वीसेक वर्षांपूर्वीच्या लग्नाची मिनी-डीव्ही कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली की पहिल्या मिनिटातच काहीतरी खटकतं. नवरी शांत बसलेली असते तोवर चित्र छान. तिने मान वळवली की चेहऱ्याच्या कडेला फणीसारखे दात फुटतात. कॅसेट खराब झालेली नाही, चित्रच तसं टिपलेलं आहे.

आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ अख्खी चित्रं, प्रत्येकीत ५७६ ओळी. मिनी-डीव्ही कॅमेरे फ्रेम एकदम टिपत नसत. आधी एकाआड एक २८८ ओळी, मग १/५० सेकंदानंतर उरलेल्या २८८. अशा अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात आणि या पद्धतीला इंटरलेस्ड. जुना ट्यूबचा टीव्ही फील्ड त्याच क्रमाने एकामागून एक दाखवायचा. आजचा पडदा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे सगळ्या ओळी एकदम दाखवणारा. त्यावर दोन वेगळे क्षण एकमेकांत विणले जातात आणि दात दिसतात.

पायरी १ : खात्री करा. मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून ‘स्कॅन टाइप’ पाहा. पण त्या नोंदीवर डोळे झाकून विसंबू नका. पाल डीव्हीडीवरचा सिनेमा कित्येकदा इंटरलेस्ड नोंदलेला असतो, पण दोन्ही फील्ड एकाच क्षणाच्या असल्याने दात नसतातच. त्याला हात लावू नये. व्हीएलसी प्लेअरमध्ये डीइंटरलेस (दात काढायची सोय) बंद करा, हालचालीच्या जागी थांबा आणि ‘ई’ दाबत एकेक फ्रेम पुढे न्या. दात दिसले तरच पुढची खटपट.

पायरी २ : फील्डचा क्रम पाहा. मिनी-डीव्हीत खालची फील्ड (दुसऱ्या ओळीपासूनची) आधी येते, एचडीव्हीत, म्हणजे तशाच कॅसेटवरच्या एचडी चित्रणात, वरची (पहिल्या ओळीपासूनची). कॅसेटवरून फायरवायर केबलने थेट उतरवलेल्या फाइलमध्ये क्रम सहसा बरोबर असतो. मधल्या एखाद्या एडिटिंगमध्ये तो उलटला, तर वरातीतली माणसं पुढे-मागे हिसके देत नाचतात.

पायरी ३ : फील्ड सोडवा. हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ‘फिल्टर्स’मध्ये डीइंटरलेसला ‘याडिफ’ निवडा आणि प्रीसेट ‘बॉब’ ठेवा, म्हणजे प्रत्येक फील्डची एक अख्खी फ्रेम होते. मग ‘व्हिडिओ’मध्ये फ्रेमरेट ५०, कॉन्स्टंट. हे विसरू नका. साधा प्रीसेट २५ फ्रेमच देतो, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या ५० क्षणांतले निम्मे फेकून देतो. भाषणाच्या चित्रणात ते चालून जाईल, लेझीमच्या नाचात नाही.

आकार बदलायचा असेल तर तो फील्ड सोडवल्यावर. हँडब्रेक हा क्रम स्वतः सांभाळतं, इतर सॉफ्टवेअरमध्ये आपण सांभाळायचा. मी पहिल्यांदा उलटं केलं होतं: आधी चित्र १०८० ओळींचं केलं, मग दात काढायला बसलो. तोवर ते शेजारच्या ओळींत वितळले होते. सगळी रात्र पाण्यात.

पायरी ४ : कॉम्प्रेस करा. व्हिडिओ दाबायची पद्धत एच.२६४, क्वालिटी आरएफ १८ ते २२ (आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं). दात तसेच ठेवून प्रोग्रेसिव्ह म्हणून कॉम्प्रेस केलं, तर एन्कोडरला, म्हणजे कॉम्प्रेस करणाऱ्या प्रोग्रॅमला, ते बारीक नक्षीकाम वाटतं आणि फाइलमधले बिट तो त्या नक्षीवर उधळतो. चेहऱ्यांच्या वाट्याला उरतं ते चौकडी-चौकडीचं चित्र. एमपेग-२ (डीव्हीडीवरची पद्धत) आणि एच.२६४ मध्ये फील्ड वेगळ्या हाताळायची सोय आहे, म्हणून टीव्ही प्रसारणात १०८० ओळींचा इंटरलेस्ड व्हिडिओ चालत आला. एच.२६४ नंतर आलेल्या एचईव्हीसीत (एच.२६५) ती हत्यारं ठेवलेली नाहीत. इंटरलेस्ड फाइल तशीच त्यात कोंबू नये.

मूळ डीव्ही फाइल मात्र पुसू नका. तासाला साधारण १३ जीबी जागा खाते, तरी राहू द्या. सोडवलेल्या चित्रातून मूळ फील्ड जशाच्या तशा परत मिळत नाहीत.

तपासायला अक्षता पडतात तो क्षण घ्या. बारीक वस्तू, सगळीकडून हालचाल: इतकी कडक परीक्षा दुसरी नाही. एकेका फ्रेमवर थांबून बघा. दाण्यांना अजून दात असतील तर पायरी ३ मध्ये काहीतरी राहिलंय, आणि दाणे पुढे जाऊन परत मागे येत असतील तर पायरी २ मध्ये.