सुट्टी एकाच गोळीला

सोमवारपासून मावशीच्या स्तनाच्या कॅन्सरवरच्या दोन गोळ्या, पॅल्बोसिक्लिब आणि लेट्रोझोल, सुरू होताहेत. आईच्या वेळी मी माती खाल्ली होती, म्हणून या खेपेला आधीच लिहून काढते.

फाइल, आधार, विम्याचे कागद कुणी विसरत नाही. बायोप्सीचा ईआर, पीआर, हर-टू (कॅन्सर कुठल्या प्रकारचा, ते सांगणाऱ्या तपासण्या) लिहिलेला कागद तेवढा सगळ्यात वर ठेवा.

मग स्वयंपाकघरातलं कालनिर्णय उतरवा. पॅल्बोसिक्लिब 21 दिवस, पुढे 7 दिवस सुट्टी. लेट्रोझोल 2.5 मिलिग्रॅम, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दिवस. सुट्टी एकाच गोळीला! मी आईला म्हटलं, "या आठवड्यात गोळ्या बंद," आणि तिने दोन्ही बंद केल्या. पुढच्या ओपीडीत डॉक्टरांनी पट्टी उलटी करून पाहिली, तर सात गोळ्या जागच्या जागी. मला वर बघवेना. ही सुट्टी अस्थिमज्जेसाठी असते, पांढऱ्या पेशी भरून याव्यात म्हणून. लेट्रोझोलचा त्याच्याशी संबंध नाही. पाळी गेल्यावरही अंगातल्या चरबीत इस्ट्रोजेन, म्हणजे या कॅन्सरला खतपाणी घालणारं संप्रेरक, बनतच राहतं, ते अडवायचं काम तिचं, आणि त्या कामाला रविवार नसतो. तेव्हा दोन पेनं घ्या: पॅल्बोची फुली लाल, लेट्रोझोलची निळी. निळी रोज, दुधाच्या हिशेबासारखी.

सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, दर सायकलच्या (अठ्ठावीस दिवसांची एक फेरी) आधी, आणि पहिल्या दोन सायकलींत पंधराव्या दिवशीही. एकूण पांढऱ्या पेशी बघून खूश होऊ नका, त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, बघा. ते हजाराच्या खाली असतील तर नवी सायकल पुढे ढकलतात. रिपोर्ट हातात नसेल तर एसटीची फेरी फुकट.

घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओता, काढेसुद्धा. गजकर्णावर सर्रास मिळणारी इट्राकोनॅझोल आणि खोकल्या-कफावरची क्लॅरिथ्रोमायसिन यांनी पॅल्बोचं रक्तातलं प्रमाण वाढतं. गल्लीतल्या डॉक्टरांना आधी सांगा, मग चिठ्ठी घ्या. ग्रेपफ्रूट बंद, आणि त्याच गोतावळ्यातलं पपनसही नको. गणपतीत कुणी आग्रह केला तरी.

लेट्रोझोलने हाडं विरळ होतात, सांधे धरतात. डेक्सा, म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी, करून घ्या, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचं विचारा. हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन ठरलं असेल तर दाताचा डॉक्टर आधी. नंतर दाढ काढायची वेळ आली तर जबड्याच्या हाडाला धोका असतो.

थर्मामीटर. ताप 100.4 झाला की लगेच फोन, क्रोसिन देऊन सकाळची वाट बघत बसायचं नाही. पॅल्बोची कॅप्सूल जेवणासोबत. उलटी झाली तरी त्या दिवशी जास्तीची गोळी नाही. डबा, पाणी, शाल.

आणि बाविसाव्या दिवशी निळी फुली चालूच! मावशीला सांगून ठेवलंय, त्या आठवड्यात रोज रात्री कालनिर्णयाचा फोटो मला पाठवायचा.