पोरं घेऊन कॅरिबियनमध्ये बोटीवर राहायला जाताय? आधी फ्रेंच व्हिसा

पासपोर्ट, तिकिटं, बोटीचं रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स, हे सगळं कुणीही आठवणीने घेतं, त्यावर वेळ घालवत नाही. व्हिसा. फ्रेंच बेटांचा व्हिसा. मागच्या वेळी आम्ही तो न काढताच गेलो आणि तुमचंही तसंच होणार, कारण ग्रेनाडा, सेंट व्हिन्सेंट, डॉमिनिका इथे भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही, त्यामुळे माणूस सैलावतो, आणि मार्टिनिकचा विषय निघाला की नवरा म्हणतो, अगं युरोपचा शेंगेन व्हिसा आहे ना आपल्याकडे. नुसता तो नाही चालत! मार्टिनिक आणि ग्वाडेलूप फ्रान्सचेच आहेत पण शेंगेनमध्ये नाहीत, स्टिकरवर त्या भागाचा वेगळा उल्लेख लागतो, म्हणजे अर्ज भरतानाच तिकडे जायचंय हे सांगायचं. आणि भारतातून निघायच्या आधी. तिकडे पोचल्यावर बघू म्हणाल तर दुसऱ्या देशात पर्यटक म्हणून असताना तुमचा अर्ज कोण घेणार?

नकाशा उघडून बघा. दक्षिणेकडून वर जाताना सेंट लुसिया, मार्टिनिक, डॉमिनिका, ग्वाडेलूप, अँटिग्वा. एकाआड एक फ्रेंच. त्यामुळे मल्टिपल एंट्री हवी, सिंगल घेतलात तर मार्टिनिकहून डॉमिनिकाला गेलात की तो संपला. आणि चारही पासपोर्टवर, धाकटीच्यासुद्धा. व्हिसा नसेल तर सेंट लुसियाच्या रॉडनी बेपासून डॉमिनिकाच्या रोझोपर्यंत एका दमात, सत्तर-ऐंशी सागरी मैल, रात्रभर, दोन पोरं ओकतायत आणि उजव्या हाताला मार्टिनिकचे दिवे दिसतायत. पुढे ग्वाडेलूप टाळायला परत तेच. कुणीतरी सांगेल की पिवळा झेंडा, म्हणजे अजून देशात एंट्री केलेली नाही याची खूण, लावून रात्रीपुरता नांगर टाका, कोण विचारतंय. पोरं बरोबर असताना असले प्रयोग नकोत.

प्युर्तो रिको आणि अमेरिकन व्हर्जिन आयलंड्सना अमेरिकेचा व्हिसा, हे लक्षात राहतं. फ्रेंच राहत नाही. एकच पालक पोरांना घेऊन जाणार असेल तर दुसऱ्याचं नोटराइज्ड संमतीपत्र आणि जन्मदाखले ठेवा.

सीझन. १ जून ते ३० नोव्हेंबर चक्रीवादळांचा काळ, तेव्हा बरेच जण दक्षिणेला ग्रेनाडाला किंवा त्रिनिदादला उतरतात, इन्शुरन्सवालेही बहुतेकदा त्या काळात बोट अमुक अक्षांशाच्या दक्षिणेला हवी अशी अट घालतात, पॉलिसी नीट वाचा. ग्रेनाडाला गेलो म्हणजे सुटलो असं मात्र समजू नका, २००४ मध्ये आयव्हनने ग्रेनाडा झोडपलं होतं आणि २०२४ च्या १ जुलैला, म्हणजे सीझन सुरू होऊन महिनाच झालेला, बेरिल थेट ग्रेनाडाच्याच कारियाकू बेटावर आलं. डिसेंबर-जानेवारीत वादळ नसतं पण वारा जोरात असतो, त्यात दोन बेटांमधल्या चॅनलमध्ये तो आणखी वाढतो. ओकारीची गोळी चॅनलमध्ये शिरायच्या आधी द्यायची, ओकायला लागल्यावर देऊन काही उपयोग नाही, आणि कुठली, किती ते पोरांच्या डॉक्टरांना विचारूनच.

पोरांची सेफ्टी. लाइफलाइनला, म्हणजे डेकच्या कडेच्या तारांना, चहूबाजूंनी जाळी, बोटीला अडकवून ठेवणारा हार्नेस, आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलंच लाइफजॅकेट, नाहीतर पाण्यात पडल्यावर ते डोक्यावरून वर सरकतं. घरी स्विमिंग पूलमध्ये घालून उडी मारायला लावा. नियम एकच ठेवा, बोट चालू असताना एकट्याने कॉकपिटबाहेर, म्हणजे सुकाणूजवळच्या बसायच्या जागेबाहेर, पाय नाही, आणि तो मोठ्यांनाही लावा म्हणजे पोरं वाद घालत नाहीत. डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर जायची छोटी बोट, चालवताना इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला, पाच मिनिटांचं अंतर असलं तरी. रात्री डिंगी पाण्यात सोडू नका, वर उचला आणि कुलूप लावा, चोऱ्या होतात.

आणि मँचिनील. हे आपल्याकडे कुणाला माहीत नसतं. समुद्रकाठचं झाड, छान सावली, खाली हिरवट पिवळी छोट्या सफरचंदासारखी फळं पडलेली, पोरं उचलणारच. फळ विषारी, चीक कातडीला लागला तर फोड येतात, पाऊस आला म्हणून त्या झाडाखाली उभं राहायचं नाही कारण पानांवरून ठिबकणारं पाणीसुद्धा भाजतं. काही ठिकाणी खोडावर लाल पट्टा किंवा पाटी असते, सगळीकडे नसते. फोटो दाखवून पाठ करून घ्या.

खाणं. पोहे, गोडा मसाला, तूरडाळ, कुकरच्या दोन जादा रिंगा. बाकीचं ओझं नको. पिवळ्या वाटाण्याची डाळ तिथे सगळीकडे मिळते, रोटी म्हणजे करी भरलेली गुंडाळी कुठल्याही टपरीवर मिळते, त्रिनिदादमध्ये तर पिढ्यान्‌पिढ्या आपलेच लोक. बाजारात डॅशीनची पानं म्हणून जे विकतात ते आपलं अळू, ते लोक त्याचं कॅलालू करतात, आम्ही फतफतं केलं, चिंच घाला नाहीतर घसा खाजतो. नीरफणसही आहे, कोकणातल्यासारखी कापं करा. तो कॅप्टन ब्लायने १७९३ मध्ये पॅसिफिकमधून सेंट व्हिन्सेंटला आणला, मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोसायला. मोठी खरेदी मार्टिनिकच्या ल मारांमध्ये करा, सुपरमार्केट चांगली आणि बोटीचे पार्टही मिळतात. तिथे जायला काय लागतं ते वर लिहिलंय, परत वाचा.

पुठ्ठा बोटीवर आणायचा नाही. अजिबात नाही. खोकी धक्क्यावरच फाडून टाका, झुरळांची अंडी त्यातूनच येतात आणि एकदा शिरली की घालवताना जीव जातो.

पाणी. भांडी आधी समुद्राच्या पाण्याने, शेवटचा हात गोड्याने, आंघोळ शिडीवर. वॉटरमेकर, म्हणजे समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र, असला तरी तो घाणेरड्या बंदरात चालवत नाहीत, त्यामुळे टाकी भरलेली ठेवा.

शाळा सकाळी, दुपारी कुणी ऐकत नाही. पुस्तकं कमी न्या. पोरांना पोरं हवीत, ती ग्रेनाडाच्या दक्षिण किनाऱ्यावर भेटतात, सकाळी बोटीच्या व्हीएचएफ रेडिओवर कुठल्या बोटीवर पोरं आहेत ते कळतं.

औषधं: कानाचे ड्रॉप्स, ओआरएस, डासांचं मलम, खिडक्यांना जाळ्या, डेंग्यू आहे तिथे. पूर्ण बाह्यांचे पोहायचे टीशर्ट. इंजिनाचे इम्पेलर, फिल्टर, बेल्ट. ईस्ट कॅरिबियन डॉलर रोख, फ्रेंच बेटांवर युरो, हो, फ्रेंच, व्हिसा, मल्टिपल. बहुतेक बेटांवर क्लिअरन्सला, म्हणजे इमिग्रेशन-कस्टम्सला, आधी फक्त कप्तान उतरतो, बाकीचे बोटीवरच, शनिवार-रविवारी बऱ्याच ठिकाणी जादा पैसे पडतात. फिरायचा सीझन संपताना बोट जमिनीवर काढायची तर यार्डात जागा खूप आधी सांगून ठेवा, शिडं उतरवा, फ्रीज रिकामा करून दार उघडं ठेवा. बाकी तिथे मिळतं.