महागडी एचडीएमआय केबल घेण्याआधी

नवा टीव्ही घेतला की दुकानदार सोनेरी टोकांची दोन हजारांची एचडीएमआय केबल (टीव्हीला चित्र-आवाज पोचवणारी वायर) गळ्यात मारायला बघतो. थांबा.

१. सेट-टॉप बॉक्ससोबत आलेली केबल लावून अर्धा तास मॅच बघा.
२. पांढरे ठिपके चमकतात, स्क्रीन क्षणभर काळी पडते? टोक काढून नीट बसवा, दुसरं पोर्ट बघा. तरीही तसंच असेल तरच केबल बदला, साधीच. काहीच खोट नसेल तर महाग केबलने चित्र तसूभरही सुधारत नाही. सिग्नल डिजिटल आहे: नीट पोचला तर चित्र पूर्ण, नाहीतर ठिपके किंवा काळी स्क्रीन.
३. चित्र सुधारायचंच असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’वरून ‘सिनेमा’वर आणा. दोन दिवस पिवळट वाटेल (घरचे कुरकुरतीलही), मग चेहरे माणसांसारखे दिसू लागतात.

मात्र गेमिंग कन्सोलवर अतिस्पष्ट, सेकंदाला १२० वेळा बदलणारं चित्र, म्हणजे ४के १२० हर्ट्‌झ हवं असेल तर ४८ जीबीपीएस (सेकंदाला ४८ गिगाबिट) वेगाची, ‘अल्ट्रा हाय स्पीड’ लेबलचीच केबल घ्या.