जुन्या लॅपटॉपवर अभ्यासापुरती मांडणी

चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप मोडीत काढण्यापूर्वी त्यावर डेबियन ही मुक्त संगणक प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपसह वापरून पाहावी. ती आधी पेनड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ चालवल्यास वायफाय, आवाज आणि टचपॅड नीट चालतात की नाही हे हार्ड डिस्कला हात न लावता तपासता येते. डेबियन 12 पासून (2023) वायफायला लागणारे बरेचसे फर्मवेअर (हार्डवेअर चालवणारे छोटे सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरमध्येच मिळते, त्यामुळे पूर्वीची मोठी डोकेदुखी कमी झाली आहे.

टिपणे मात्र लिबरऑफिस या मोफत ऑफिस-संचात न काढता साध्या मजकुराच्या फाइलमध्ये मार्कडाउन पद्धतीने, म्हणजे मांडणी साध्या चिन्हांनी दाखवत, लिहावीत, असे माझे ठाम मत आहे. ओळीच्या आरंभी # आणि एक मोकळी जागा दिली की शीर्षक होते, शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारका (**) लावल्या की तो ठळक होतो, आणि निबंध सादर करण्याची वेळ आली की पॅनडॉक हे फाइलींचे स्वरूप बदलणारे साधन त्याच फाइलवरून वर्डमध्ये उघडणारी फाइल तयार करून देते. झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये साठवलेले संदर्भ बिबटेक्स या संदर्भयादीच्या फाइल-स्वरूपात निर्यात करून जोडले, तर संदर्भसूचीही आपोआप तयार होते. लिबरऑफिस शेवटचा हात फिरवण्यापुरते ठेवावे. ब्राउझर वेगळा शोधावा लागत नाही, कारण फायरफॉक्स डेस्कटॉपसोबतच येतो. राहिला बॅकअप: टिपणांचे फोल्डर आरसिंक या फाइली उतरवणाऱ्या साधनाने आठवड्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर उतरवावे, दुसऱ्या वेळेपासून केवळ बदललेल्या फाइलीच जात असल्याने हे काम क्षणात आटोपते.