घरात कुणी घुसलंच तर: आधीच करून ठेवायची तयारी

सगळ्यात आधी खोली ठरवा. घरात कुणी शिरलंय हे कळल्यावर सगळ्यांनी जमायची एकच खोली, आणि शक्यतो अशी की तिकडे जाताना मुख्य दारासमोरून जावं लागू नये. घरात तान्हं मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर त्यांचीच खोली घ्या. धडधाकट माणसाने तिकडे धावणं सोपं, त्यांना उचलून दुसरीकडे नेणं अवघड. खिडकीला पक्के गज असतील तर त्यांचा एक भाग आतून उघडेल असा करून घ्या, कारण आग लागली तर याच खोलीतून बाहेर पडता आलं पाहिजे.

मग त्या खोलीचं दार बघा. आतल्या खोल्यांची दारं बऱ्याचदा पोकळ असतात आणि कडी दोन बारीक स्क्रूंवर टेकलेली असते. दारावर लाथ बसते तेव्हा बहुतेक वेळा कुलूप शाबूत राहतं आणि चौकटीवरची पट्टी, जिच्यात बोल्ट शिरतो, ती लाकडाच्या ढलपीसकट निघून येते. तिचा एक स्क्रू काढून बघा; अर्ध्या-पाऊण इंचाचा निघाला तर तीन इंची लावा, म्हणजे तो चौकटीत खोलवर रुतेल. बिजागऱ्यांनाही तेच, आणि मुख्य दारालाही. कॅमेऱ्यावर खर्च करण्याआधी हे काम उरका. कॅमेऱ्यात चोर दिसतो, अडत नाही.

खोलीत फोनचा चार्जर, टॉर्च, जादा चष्मा, रोजची औषधं आणि चपला ठेवा. फुटलेल्या काचांवरून अनवाणी जाणं जमत नाही. मुख्य दाराची एक जादा किल्लीही तिथेच हवी. पोलिस आले की ती खिडकीतून खाली टाकायची, म्हणजे दार उघडायला कुणाला खोलीबाहेर पडावं लागणार नाही. किल्लीला अंधारात चकाकणारी पट्टी बांधा, मुलांच्या दप्तराला असते तशी. दाराच्या आतल्या बाजूला पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरांत चिकटवा. हास्यास्पद वाटेल, पण घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या घराचा मजलाही आठवत नाही. आपत्कालीन क्रमांक लागला की आधी पत्ताच सांगायचा, कारण फोन मध्येच तुटला तरी तेवढं पोहोचलेलं असतं. त्यानंतर घरात कोण शिरलंय, किती जण वाटतात, आपण कुठल्या खोलीत आणि किती आहोत. फोन चालू ठेवायचा, बाकीचे सगळे मुके करायचे.

कुणी कुणाला घ्यायचं ते नावानिशी ठरवा, आणि घरात एकच मोठं माणूस असेल त्या रात्रीसाठी वेगळं ठरवा. आजी-आजोबा रात्री कानातलं यंत्र काढून झोपत असतील तर हाक ऐकू जाणार नाही. हात लावून उठवण्याचं काम एकाकडे द्या. मुलांसाठी एकच छोटा इशारा-शब्द पुरे. तो ऐकला की प्रश्न न विचारता त्या खोलीत जायचं, पलंगाखाली किंवा कपाटात लपून बसायचं नाही, नाहीतर त्यांना शोधायला मोठे पुन्हा बाहेर पडतात. एकदा दिवे घालवून सगळ्यांनी चालून बघा. कुठलं दार करकरतं आणि कुठल्या खुर्चीला पाय अडतो ते तेव्हाच कळतं.

खोलीकडची वाट अडलेली असेल आणि बाहेरचं दार जवळ असेल तर सरळ बाहेर पडा. कुठल्या शेजाऱ्याकडे जमायचं ते आधी बोलून ठेवा. बाहेरून आलात आणि दार फोडलेलं दिसलं तर आत जाऊच नका.

उशाशी काठी ठेवावी का? माझं मत, नको. काठी हातात आली की माणूस ‘जरा बघून येतो’ म्हणत बाहेर जातो, आणि तेच टाळायचं असतं. बंद दाराआडून मोठ्याने सांगा, पोलिसांना कळवलंय, निघून जा. त्याला पळायला वाट मोकळी राहू द्या. समोरासमोर आलातच तर हात दिसतील असे ठेवा, मागेल ते द्या, दागिन्यासाठी झटापट नको.

पोलिस आल्याची खात्री फोनवरूनच करा आणि रिकाम्या हातांनी बाहेर या. त्यांचं पाहून होईपर्यंत काही उचलू-पुसू नका, ठसे जातात. महागड्या वस्तूंचे फोटो आणि अनुक्रमांक घराबाहेर कुठेतरी जपलेले असावेत. किल्ल्या चोरीला गेल्या असतील तर कुलपं त्याच दिवशी बदला.

हे सगळं अधूनमधून पुन्हा तपासा: टॉर्चचे सेल उतरतात, औषधं बदलतात, आणि काल कडेवर घेतलेलं मूल आज स्वतः धावू शकतं, तेव्हा कुणी कुणाला घ्यायचं तेही नव्याने ठरवावं लागतं.